वर, खाली, मध्ये

"आता कुठं?" डोळ्यांवर पट्टी बांधलेली इंग्रिड दोरीच्या आधारानं भिंतीवर लटकून विचारत होती. नॉर्वेतल्या शाळेत चढाईचा तास चालला होता आणि खालून वाट सांगायची पाळी शर्वाणीची होती, तीही नॉर्वेजियनमध्ये.

वर, खाली, मध्ये, शेजारी. हे एवढेसे शब्द सहा महिने तिला चकवत होते. "ही सांगणार? मग मी छतातूनच बाहेर," असं इंग्रिडच काल म्हणाली होती आणि सगळा वर्ग खिदळला होता. आज चुकलं तर वर्षभर तेच ऐकावं लागणार होतं. म्हणून रात्री शर्वाणीनं आईला चकलीचा डबा घरभर लपवायला लावून, तो कुठं आहे ते नॉर्वेजियनमध्ये सांगायचा सराव केला. शेवटी आई वैतागली, "कार्टे, आता काय डोक्यावर ठेवू?"

"उजवा पाय डाव्या गुडघ्याशेजारच्या खुंटीच्या वर," शर्वाणी म्हणाली. पाय चाचपडला आणि बसला. "हात डोक्यावरच्या दोन खुंट्यांच्या मध्ये, खाचेत." तोही बसला. मग शर्वाणी थांबलीच नाही.

इंग्रिडनं टोकाला पोचून घंटा वाजवली. खाली उतरल्यावर ती धापा टाकत म्हणाली, "पुढच्या वेळीही तूच सांग."

"सांगेन की," शर्वाणीनं तिच्या हातातली पट्टी घेतली. "पण आता मी चढणार, तू सांगणार. बघू तुला जमतंय का."