जिथे होतं तिथे

"ते फंक्शन जिथे आहे तिथेच राहू दे," एल्बिओ म्हणाला. माते नावाच्या कडू चहाची पानं घातलेल्या भोपळ्यात त्याने गरम पाणी ओतलं आणि नळीने एक घोट ओढला.

"मास्तर, परवा गुरुवारी तुम्हाला तुरुंगात धाडतील! आणि तुम्ही माते पीत बसलाय?" नोएमीचा आवाज चढला.

टेबलाखालचा म्हातारा कुत्रा उठून दाराशी जाऊन बसला. टेरो त्याचं नाव. त्याला भांडणं सोसत नसत.

माँटेव्हिडिओच्या बंदरामागे एक छोटा कारखाना होता. तिथे श्वास देणारी मशीनं बनत. मशीनचं कर्नेल, म्हणजे सगळ्यात आतला, बाकीच्यांना हुकूम सोडणारा प्रोग्रॅम, एल्बिओने लिहिलेला. अकरा मार्चला एका इस्पितळात मशीन ऐन वेळी बंद पडलं आणि चाळिशीची एक शिंपीण गेली. मरता मरता मशीनने पडद्यावर, चूक प्रोग्रॅममध्ये जिथे झाली तो पत्ता आणि त्या पत्त्यावरच्या फंक्शनचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्याचं, नाव लिहिलं होतं. नाव होतं टेरो.

आपल्या कामाला आपल्या माणसाचं नाव द्यायचं, ही खोड कारखान्याला एल्बिओनेच लावली. त्याने स्वतः कुत्र्याचं दिलं. विभागप्रमुख विल्मारने बॅटरीच्या भागाला सासूचं दिलं, कारण म्हणे दोघींचा जोर कधी ओसरेल याचा भरवसा नाही. नोएमीने हवेच्या दाबाचा भाग लिहिला तेव्हा लेकीचं दिलं आणि सगळ्यांना बिस्किटं वाटली. त्यामुळे पडद्यावर टेरो उमटल्यावर चौकशीला फार दिवस लागले नाहीत.

नोएमीला मात्र ते पटत नव्हतं. पत्त्यावरून नाव शोधणारं फंक्शन एल्बिओने कर्नेलच्या अगदी सुरुवातीला बसवलं होतं. तिथून त्याला आतल्या भागांची यादी तेवढी दिसे. बाहेरून जोडलेले भाग, बॅटरीचा, हवेच्या दाबाचा वगैरे, मागाहून येत, त्यांच्या याद्या त्याच्या गावीही नसत. अशा भागातला पत्ता हाती आला, की ते आपल्या यादीतलं शेवटचं नाव ठोकून देई. त्या यादीत शेवटचा होता टेरो.

"ही चोर सोडून संन्याशाला फाशी आहे," ती म्हणाली. "ते तिथून उचलून जोडभागांच्या कारभाराशेजारी ठेवलं, तर त्याला सगळ्या याद्या दिसतील. मग खरं नाव सांगेल."

"मशीन जन्मताच मेलं तरी त्याला बोलता आलं पाहिजे. म्हणून ते सुरुवातीला. तुला मीच शिकवलंय."

"बोलता येतंय हो, पण खोटं बोलतंय!"

"पोरी, मी सासष्टचा. मागे रडायला हे एक कुत्रं. चूक माझी आहे, तसं मी लिहून दिलंय. संपला विषय. बिस्कीट घे."

तिने घेतलं नाही. तिला त्याचा राग आला, बापाचा यावा तसा. अकरा वर्षं ती त्याच्या हाताखाली शिकली होती. तो असा मान खाली घालून बसलेला तिला बघवत नव्हता. त्या अपघातानंतर त्याचं काही बिनसलंच होतं. दुसऱ्याच दिवशी, कारखान्यात वकिलांची धावपळ चालू असताना, तो टोपी हातात घेऊन तिच्या टेबलापाशी आला होता आणि विचारलं काय, तर "देल्फिना आता केवढी झाली गं?"

"मेमध्ये चार पुरी होतील," ती म्हणाली होती.

"लहान आहे अजून," म्हणून तो निघून गेला. धक्क्याने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं तिला तेव्हा वाटलं.

सहा महिने कोड वकिलांच्या कुलपात होता. सुनावणीसाठी तो याच आठवड्यात बाहेर आला. बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर नोएमीने त्याची नक्कल उघडली, तर विल्मार पाठीशी येऊन उभा.

"हात लावायचा नाही असं बजावलंय ना?"

"नक्कल आहे. खरं नाव बघणार आहे मी."

"अगं, तुझा मास्तर स्वतः कबूल करतोय. तुझं काय अडलंय?"

"का? तुमची सासू घाबरली वाटतं?"

विल्मारचा चेहरा उतरला. मग त्याने खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसला. "बघच. मलाही बघू दे. सहा महिने मीही नीट झोपलो नाहीये."

काम चाळीसेक ओळींचं होतं. नाव शोधणारं फंक्शन तिने सुरुवातीच्या भागातून काढलं आणि जोडभागांच्या कारभाराशेजारी बसवलं. बदल जपून ठेवण्याआधी, नेहमीप्रमाणे, त्या जागेचा जुना इतिहास पडद्यावर आला.

हा बदल पूर्वी एकदा झाला होता. बारा मार्च, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. एल्बिओने तेच फंक्शन उचलून नेमक्या त्याच जागी ठेवलं होतं. चार पस्तीसला परत मागे नेलं होतं. शेजारी एवढंच लिहिलेलं: जिथे होतं तिथे बरं.

विल्मारने ते दोनदा वाचलं. मग मोठा श्वास सोडला.

"बघ. म्हाताऱ्याने दुसऱ्याच दिवशी तपासलं होतं. इथेही टेरोचंच नाव निघालं, म्हणून गुपचूप परत ठेवलं. आता तरी पटलं?"

नोएमीच्या डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने ती ज्याच्यासाठी भांडली, त्याला सगळं ठाऊक होतं. तिला फसवल्यासारखं वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"घाल पत्ता," विल्मार मऊपणे म्हणाला. "एकदाचं होऊन जाऊ दे. माझी सासूही सुटेल."

तिने अकरा मार्चच्या नोंदीतला पत्ता एकेक आकडा बघत घातला आणि बटण दाबलं.

पडद्यावर एकच नाव उमटलं. देल्फिना.