आधीच दिलेली पोच

काकांनी आपल्या कंपनीच्या यंत्राची वायर सातव्यांदा उपटली आणि ती सातव्यांदा खुर्चीतून अर्धी उठली.

यंत्राचे पंखे घरघरत थांबले. काकांनी ओठांतल्या ओठांत तीस आकडे मोजले, वायर परत लावली, यंत्र जागं होईपर्यंत थांबले आणि चष्मा कपाळावर चढवून पडद्यापाशी वाकले.

"सगळं जागच्या जागी. एक नोंद हललेली नाही."

भाड्याच्या त्या लांबट खोलीत चार कंपन्यांची चार यंत्रं एकाच टेबलावर मांडली होती. बाजारात या चार कंपन्या एकमेकींचं तोंड बघत नसत. पण एका यंत्राच्या पोटात साठ-साठ आभासी, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने उभे केलेले, संगणक चालवायचे आणि त्या सगळ्यांचा मजकूर एकाच साठ्यात सांभाळायचा, तर त्यासाठी प्रत्येकीने वेगळा कोड लिहिण्यात अर्थ नव्हता. म्हणून दोन वर्षं खपून चौघींनी मिळून एकच कोड लिहिला होता. त्यातला पोच देणारा भाग तिचा. मजकूर डिस्कवर उतरला की "लिहून झालं" असं वर कळवायचं, एवढंच त्याचं काम. आज शेवटची चाचणी होती. दहा वेळा वीज तोडायची आणि पोच दिलेली एकही नोंद गहाळ होता कामा नये.

आठ दिवसांपूर्वी तिला आपल्याच ओळींत चूक सापडली होती. सगळे आभासी संगणक एकदम लिहायला लागले, की तिचा कोड घाईला यायचा आणि मजकूर उतरण्याआधीच पोच देऊन मोकळा व्हायचा. नेमकी तेव्हा वीज गेली, तर "झालं" म्हटलेलं काहीच झालेलं नसायचं.

ती तशीच आपल्या कंपनीच्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली होती. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आपल्या यंत्रात बॅटरी आहे. वीज गेली तरी आपलं लिहून होतं. बरोबर?"

"हो, पण काकांच्या यंत्रात नाही. बाकी दोघांच्याही नाही."

"मग त्यांचं ते बघतील. तू ब्र काढायचा नाहीस."

तिने काढला नव्हता. नवरा चार महिने अंथरुणात होता, उठून बसायचं म्हटलं तरी त्याला आधार लागायचा. "तुझ्या ऑफिसात डिस्क, माझ्या कमरेत डिस्क," असं तोच हसून म्हणायचा. घर तिच्या एकटीवर चाललं होतं. सकाळी डबा हातात देताना सासूबाईंनी विचारलं होतं, "चेहरा का उतरलाय गं?" ती नुसतीच चपला शोधत राहिली होती.

आठवी झाली. नववी झाली. या चाचणीत एका वेळी दोनच संगणक लिहीत होते, त्यामुळे चूक सापडणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी दर वेळी ती सापडावी असं वाटे. न सापडल्यावर सुटल्यासारखं वाटे, आणि त्या सुटण्याची तिची तिलाच किळस येई.

"दहापैकी दहा!" काकांनी हात चोळले. ते दुसऱ्या कंपनीचे, साठीला टेकलेले. दोन वर्षांत त्यांनी कोणाच्याही कोडातली खोट काढायची सोडली नव्हती. "तुझा भाग मात्र मी डोळे झाकून मंजूर केला हो. म्हटलं, या मुलीचं काय तपासायचं? उद्या आमचं पहिलं यंत्र रक्तपेढीत जातंय."

टाळ्या वाजल्या. साहेब उठले आणि सह्यांचा कागद फिरवू लागले.

"काका," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला. "अजून एकदा उपटा. पण असं नाही. साठच्या साठ एकदम लिहायला लावा."

साहेबांचा हात थबकला. "दहा ठरल्या होत्या, दहा झाल्या. विषय संपला."

काकांनी साहेबांकडे पाहिलंही नाही. तिच्याकडे मात्र बराच वेळ पाहिलं. मग खुर्चीत बसून त्यांनी साठही सुरू केले. पंख्यांचा आवाज चढत चढत शिट्टीसारखा झाला. त्यांनी वायर मुठीत धरली.

"कधी ते तूच सांग."

"आता."

यंत्र पुन्हा जागं व्हायला चार मिनिटं लागली. पडद्यावर लाल ओळी उतरू लागल्या. एकशे बारा नोंदी. पोच होती, मजकूर नव्हता.

"किती दिवस माहीत होतं?" काकांनी मागे न वळता विचारलं.

"आठ."

त्यांनी नुसता चष्मा डोळ्यांवर ओढला आणि ते एकेक लाल ओळ वाचू लागले. शिवी दिली असती तरी तिला इतकं लागलं नसतं.

साहेब तिच्या खुर्चीपाशी आले. त्यांचा आवाज खालचाच होता. "लॅपटॉप ठेव. कार्डही काढ. उद्यापासून यायचं नाही." दोन्ही वस्तू बगलेत मारून ते निघून गेले. दार आपोआप लागलं.

तिने पर्स उचलली. घरी तोंड उघडायचं ते कुठून, एवढंच डोक्यात फिरत होतं.

"निघालीस कुठे?" काका म्हणाले. "चूक दाखवता येते, दुरुस्त करता येत नाही का?"

"येते. सात ओळींचं काम आहे."

काकांनी उठून खुर्ची मोकळी केली आणि आपला कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला. ती बसली. पहिल्या दोन ओळी बोटं चुकत चुकत टाईप झाल्या, पुढच्या सरळ आल्या. कोड चारही कंपन्यांच्या सामायिक कोडात जोडताना दोन रकाने भरावे लागत, एक नावाचा आणि एक कंपनीचा. नाव तिने लिहिलं. दुसऱ्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.

"कंपनी?" काकांनी तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

"ते रिकामं राहू दे," ती म्हणाली आणि बटण दाबलं.