पांढऱ्या झाडांचा बयाणा

सकाळी आठ वाजता कंपनीची जीप कोलामांच्या पोडात, त्यांच्या जंगलातल्या वस्तीत, शिरली आणि गंगीच्या झोपडीपुढे थांबली. आठवडा झाला, पोडातल्या कढईच्या, म्हणजे डिंकाच्या, एकाही झाडाला कुऱ्हाड लागली नव्हती.

आधी उतरले घाटंजीचे डिंकाचे व्यापारी पुंडलिकराव. पाच हंगाम ते या पोडातला डिंक घेऊन मुंबईला कंपनीकडे पाठवत होते. तिथून तो जहाजाने लंडनला जायचा, न्यूयॉर्कला जायचा. कुठे जातो हे त्यांना ठाऊक होतं. कशाला जातो, हे ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे आइस्क्रीममध्ये घालतात, कुणी म्हणे कापडाला खळ देतात. मुंबईच्या ऑफिसात त्यांनी एकदा विचारलंही. कारकून हसला. "शेटजी, ते कळलं की तुम्ही भाव वाढवाल."

आता तोच प्रश्न गंगीनं धरून ठेवला होता. डिंक बंदुकीच्या दारूत पडतो, असं तिच्या कानावर आलं होतं. पोडात वयानं सगळ्यांत मोठी तीच. तिच्या शब्दाबाहेर कुणी झाडाला हात लावत नसे. कंपनीची तार आली: माल येणार नसेल तर यंदापासून खरेदी आदिलाबादला. पाठोपाठ कंपनीचा गोरा साहेब आला.

साहेब चाळिशीचा, उंच. हिंदी येई, पण ओठ जेमतेम हलवून बोले. सकाळी विश्रामगृहात भिंतीकडे तोंड करून त्यानं चपट्या डबीतली चिमूटभर पूड घेतली होती. तपकीर असेल, असं पुंडलिकरावांनी धरलं.

गंगीनं पळसाच्या पानावर गरम हुरडा आणून ठेवला. साहेबानं हात जोडले. "नहीं. शुक्रिया."

"एवढाले पांढरेशिप्पट दात हायेत, न् खात नाई?" गंगी म्हणाली. तिच्या तोंडात दोनच उरले होते. "मले असे असते तं जवारीचा धांडा बी चावला असता."

"माय, साहेबाचं पोट बरं नाई," पुंडलिकराव घाईनं म्हणाले.

"पोटाले कायले बदनाम करता, शेट? आमच्या हातचं चालत नसन."

"मले दे ना, माय," ड्रायव्हर लखीराम पुढे झाला. "माह्यं पोट विलायती नाई."

साहेब मान वळवून टेकडीकडे पाहू लागला. तिथे कढईची झाडं उन्हात हाडासारखी पांढरी दिसत होती.

"त्याले सांगा," गंगी म्हणाली, "माहा डिंक मानसं मारत असन, तं एक बी झाड तासू देनार नाई. मारत नसन, तं काय करता ते दाखवा. सांगू नका. दाखवा."

पुंडलिकरावांनी हिंदीत सांगितलं, आणि तिच्याइतकेच तेही कान टवकारून थांबले.

"कंपनी का रूल है," साहेब म्हणाला. "नहीं बता सकता."

"मंग हे उचला."

बाजेवर बयाण्याचे पंचवीस रुपये होते. रीत जुनी होती. बयाणा गंगीच्या हातावर पडायचा, तिनं मूठ मिटायची, मग कुऱ्हाड निघायची. आज तिनं नोटांना बोटही लावलं नव्हतं.

पुंडलिकरावांनी नोटा उचलल्या. त्यांना आदिलाबादचा रस्ता दिसू लागला. "चला साहेब," ते म्हणाले.

साहेब निघाला नाही. तो पानावरच्या हुरड्याकडे बघत होता. मग तो जीपच्या मागे गेला. परत आला तो ओठ घट्ट मिटून. सरळ गंगीपुढे बसला, तिचा हात ओढून घेतला आणि त्यावर काहीतरी ठेवलं.

पुंडलिकराव मनात चिडले. शेवटी रक्कमच वाढवली यानं! कंपनीला दुसरं सुचतंच काय? किती वाढवली ते बघायला ते वाकले.

साहेबानं एका हातानं पुडीची डबी उघडून गंगीपुढे धरली होती आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं तो टेकडीवरची झाडं दाखवत होता. गंगीच्या तळहातावर त्याच्या वरच्या दातांची अख्खी कवळी होती, गुलाबी टाळूसकट, तीच पूड ओली होऊन डिंकासारखी चिकटलेली.

"बयाणा पोचला," गंगी म्हणाली आणि तिनं मूठ मिटली.