भातातून चाललेली वाट

ज्वालामुखी डोंगराचा धूर सरळ वर चालला होता. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. म्हातारी सुकिनेम अलीकडच्या बांधावरून एकेक लोंबी खुडत होती, कापणीचं इवलंसं लोखंडी पातं मुठीत लपवून. पातं दिसलं, तर भातातली श्रीदेवी भिऊन निघून जाते.

"आई, अशा खुडत बसलात तर नातवाच्या लग्नातच भात शिजेल!" जावई तुगिमान हसला. शेतात उतरून त्यानं उघडा विळा उगारला.

त्याच्या पायाशी लोंब्या वाकल्या. मग पुढच्या, मग त्यांच्याही पुढच्या. कुणी बाई उठून निघावी, तशी एक वाट पलीकडच्या बांधाकडे संथ चालू लागली.

तुगिमानच्या हातून विळा गळला. "आई, साप आहे का हो?"

"गप! ती निघाली. पलीकडचा बांध ओलांडला तर वर्षभर कोठारात नुसता भुसा." रुसून निघालेल्या लेकीला घालावी तशी सुकिनेमनं साद घातली, "अडाणी आहे गं तो, बये! माघारी फिर."

वाट थांबली. वळली. लोंब्या लववत लववत थेट सुकिनेमपाशी आली. शेवटची लोंबी तिच्या गुडघ्याला टेकली.

मग बांधावरच्या कोरड्या धुळीत, तिच्या पावलांसमोर, एक लहानसं ओलं पाऊल उमटलं.