बाबाची वाचनाची पाळी

पुस्तकांना कव्हरं घालणं, पेन्सिलींना टोक काढणं ही कामं बाबाची आणि वाचन आईचं, अशी वाटणी त्यानेच करून घेतली होती. लहानपणापासून तो बोलताना अडखळायचा.

आज आईची दवाखान्यात दुपारपाळी होती. पहिलीतली लेक पुस्तक घेऊन थेट त्याच्या मांडीवर येऊन बसली. कणीक मळायचीय, असं सांगून त्याने टाळून पाहिलं, ती हलेना.

शेवटी त्याने बदकाच्या चित्राखाली बोट टेकवलं. "ब... ब... ब..." कानशिलं तापली. आता ही हसणार, नाहीतर सगळे करतात तसा शब्द स्वतःच पुरा करून टाकणार.

ती नुसती वाट बघत राहिली. "बदक" एकदाचं बाहेर पडलं, तशी तिने टाळी वाजवली. "बाबा, तुला येतं की! आमच्या बाई पण अस्संच वाचतात. आधी आवाज सुटे करायचे, मग जोडायचे."

पानं उलटत गेली. पाचव्या पानावर "बदक तळ्यात पोहते" हे अख्खं वाक्य त्याच्या तोंडून सरळ, एका दमात निघालं. त्याचा त्यालाच विश्वास बसेना.

लेकीने मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "अशी घाई नाही करायची. परत वाच."

मग आयुष्यात पहिल्यांदाच तो मुद्दाम अडखळला.