शुद्ध बोला

‘वर्गात खान्देशी बोलू नये, शुद्ध मराठीच बोलावी,’ हे जीवरामने अमळनेरच्या शाळेत अगदी रंगून पटवून दिलं. शेवटी मात्र भाषणाच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, “हाई बठ्ठं खरं शे!”

वर्ग खो खो हसला. सरांनी हसू दाबत विचारलं, “कोणाकोणाला पटलं?”

“बठ्ठास्ले पटनं, सर!” सगळे एका सुरात ओरडले.

बोरी नदीच्या काठाने गावाकडे परतताना त्याला कळेना, आपण जिंकलो की आपली फजिती झाली? पाठ केलेली वाक्यं तो पुन्हा म्हणून पाहत होता. उन्हं कलली होती, आणि ती वाक्यं दुसरंच कुणी पाण्यापलीकडून म्हणतंय असं वाटत होतं. किती गोड, किती दूरचं! इतरांचं जाऊ दे, आजपासून आपण तरी असंच बोलायचं, त्याने मनाशी ठरवलं.

घर आलं. दाराबाहेरूनच तो सावकाश, स्वच्छ म्हणाला, “आई, मला भूक लागली आहे.”

आत चुलीशी बसलेल्या मायने लगबगीने डोक्यावर पदर ओढला आणि अदबीने विचारलं, “कोन शे, भाऊसाहेब?”