टिटवीची राखण

कॉलनीतल्या गोल्फच्या मैदानावर टिटवीने उघड्यावरच्या खळगीत चार अंडी घातली, अन् मैदानाचा कारभार पाहणाऱ्या कर्णिक साहेबांनी त्या उन्हाळ्यात नवलच केलं. तिथलं गवत कापणं बंद, औषध फवारणं बंद. खेळाची वाटसुद्धा दुसरीकडून वळवली, अन् भोवती सुतळी बांधून सुखराम माळ्याला राखणीला बसवलं.

बायको गेल्यापासून सुखरामशी दिवसदिवस कोणी बोलत नसे. आता मात्र रोज संध्याकाळी साहेब एकटेच फिरत येऊन सुतळीपाशी थांबायचे.

"काय सुखराम, फुटली का अंडी?"

"नाही साहेब. बसूनच हाये अजून."

मग धानाच्या, लाखनीच्या बाजाराच्या, गेलेल्या माणसांच्या गोष्टी निघायच्या.

एका सकाळी पाहतो तर खळगी रिकामी. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच आईमागे चालू लागतात. आता साहेब इथं कशाला थांबतील, असं सुखरामच्या मनात आलं. झुडपांत हरवलेले गोल्फचे चार चेंडू त्याने हुडकले, मातीत घोळवले अन् खळगीत मांडून ठेवले.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "टिटवी दिसत नाही?"

"चराले गेली असन, साहेब."

साहेब नेमके सुतळी ओलांडून आत गेले. वाकले, अन् बराच वेळ वाकलेलेच राहिले. सुखरामने मान खाली घातली.

कुणाची झोप मोडू नये अशा हलक्या पावलांनी साहेब परत आले.



"अजून नाही फुटली," ते म्हणाले. "उद्या येतो."